होते ना

सकाळी नऊला दुभाष्याने कार्यालयाची खिडकी उघडली, चष्मा पुसला आणि नवशिक्या दुभाष्यांसाठीच्या टिपणात 'ना' हा शब्द घेतला. स्वाहिलीत 'आणि', कोरियनमध्ये 'मी', रशियनमध्ये काही पुढे करताना 'हे घे'. त्याच्या स्वतःच्या बंगालीत क्रियापदानंतर 'ना' आला की सहसा नकार. मराठीही तशीच, असे पुस्तकांवरून शिकलेला तो धरून चालला होता.

वाऱ्याने टेबलावरचे कागद उडाले. टंकलेखिका बाई हसल्या.

"मी म्हटलं होतं ना, खिडकी उघडू नका म्हणून?"

"म्हणजे, म्हटलं नव्हतंत?"

"घ्या! म्हटलं होतं म्हणून तर 'ना'. मराठीचे दुभाषे म्हणवता आणि एवढंही ठाऊक नाही?"

त्याच्या हातातले पेन थबकले. सहा महिन्यांपूर्वी एका कामगाराचा हात यंत्रात गेला, तेव्हा कारखान्याची पहारेकरीण चौकशीत म्हणाली होती, "यंत्र आपोआप सुरू झालं. मी होते ना तिथे." त्याने भाषांतर केले होते, 'मी तिथे नव्हते.' एकमेव साक्ष बाद झाली. दोष कामगाराच्याच माथी बसला आणि त्याची नोकरी गेली.

त्याने हे सांगताच बाई गंभीर झाल्या. "प्रकरण मिटलंय. आता तोंड उघडलंत तर तुमच्या नोकरीवर बेतेल."

"त्याची तर गेलीच आहे, बाई."

त्याने कोरा कागद ओढला, 'चूक दुभाष्याची' असे लिहून खाली पूर्ण नावानिशी सही केली आणि तो कागद आवक विभागात देऊन, त्यावर शिक्का उठेपर्यंत तिथेच उभा राहिला.