डोकं पाण्याबाहेर

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तिला नवरा समुद्रात पोहताना दिसला.

ती हॉटेलच्या गॅलरीत केस विंचरत उभी होती. आधी वाटलं, दुसरंच कुणी असेल. मग तो माणूस पाण्याबाहेर आला, वाळूवरचा टॉवेल उचलून त्याने डोकं खसाखसा पुसलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून नारळांच्या रांगेकडे चालू लागला. हात असे बांधून चालणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

नवऱ्याला पोहता येत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ धरणाच्या पाण्यात बुडाला, तेव्हा नवरा पंधरा हातांवर, काठावर उभा होता. ‘मला पोहता येत नाही हो,’ असं तो पोलिसांना सांगत होता, तिच्या वडिलांना सांगत होता, भेटायला येईल त्या प्रत्येकाला रडत रडत सांगत होता. सासूबाईंनीही, कुणी विचारलेलं नसताना, म्हटलं होतं, “आमच्या घरात पाण्याला सगळेच भितात.”

तासाभराने तो खोलीत आला. केस कोरडे, कपडे बदललेले, हातात चहाचे दोन कप.

“उठलीस? मस्त फिरून आलो. पार टोकाच्या खडकापर्यंत.”

“पाण्यात नाही गेलास?”

“गेलो की. घोट्यापर्यंत. आपली मजल तेवढीच.”

तो स्वतःच हसला. तिने कप घेतला. चहात साखर बरोबर अर्धा चमचा होती. असल्या गोष्टी तो कधी विसरत नसे. ही सुट्टीही त्यानेच ठरवली होती. पाच दिवस, फक्त दोघं, नुसतं लोळायचं. समुद्र कशाला, असं तिने विचारलं होतं, तर म्हणाला होता, “किती दिवस पाण्याकडे पाठ करून बसायचं?”

दहाच्या सुमाराला तो किनाऱ्यावरच्या छत्रीखाली, तोंडावर टोपी ओढून पडला. ती उठून जीवरक्षकाच्या उंच खुर्चीपाशी गेली. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस. नाकावर पांढरं मलम थापत होता.

“सकाळी एक जण पोहत होते ना, लांबवर?”

“काळ्या चड्डीवाले? कालही होते. चांगला हात आहे त्यांचा. मी शिट्टीसुद्धा नाही वाजवली.”

“नवीन शिकले असतील.”

“छ्या!” तो हसला. “वीस वर्षं या खुर्चीत बसून लोकांची डोकीच बघतोय, मॅडम. क्लास लावून शिकलेला माणूस तोंड पाण्यात घालतो. पहिला धडाच तो. नदीत शिकलेली पोरं डोकं वर ठेवतात, समोरून ओंडकाबिंडका येतोय का बघत. या साहेबांनी एकदाही तोंड बुडवलं नाही. नदीत शिकलेत ते, तेही लहानपणी. सांगतो ना.” त्याने मलमाची डबी बंद केली. “तुमचे कोण?”

“कुणी नाही,” ती म्हणाली.

ती परत छत्रीखाली येऊन बसली. टोपी हलली नव्हती.

“मी पाहिलं सकाळी तुला. गॅलरीतून.”

त्याने टोपी काढली आणि तो उठून बसला.

“सांगणारच होतो.”

“कधी शिकलास?”

“तुझा भाऊ गेल्यावर. ऑफिसजवळच्या पूलमध्ये क्लास लावला होता, सहा महिने. पुन्हा आयुष्यात असं काठावर उभं राहायला नको म्हणून.” त्याने तिचा हात हातात घेतला. “तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तुझा भाऊ गेला आणि हा पोहायला शिकतोय.”

उत्तरात बोट ठेवायला जागा नव्हती. भाऊ गेल्यावर सहाएक महिने तो खरंच रोज उशिरा घरी यायचा. तेव्हा तिने विचारलं नव्हतं. तेव्हा ती कुणालाच काही विचारत नव्हती.

“मग मलाही शिकव,” तिने खडा टाकून पाहिला.

“आत्ता?”

“आत्ताच. तुला शिकवलं तसं. पहिल्या दिवसापासून.”

खडकांच्या आडोशाला पाणी संथ होतं. दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. शेजारी एक बाप मुलीला रबरी रिंगेत बसवून ढकलत होता आणि मुलगी खिदळत होती.

“पहिल्या दिवशी काय करायला लावलं?”

त्याने क्षणभर आठवलं, किंवा विचार केला.

“तोंड पाण्यात घालायचं. श्वास सोडायचा. बुडबुडे आले पाहिजेत.”

बरोबर होतं. तिचे खांदे जरा सैल झाले.

“दाखव.”

“त्यात काय दाखवायचं? अगं, लहान मुलंसुद्धा करतात ते.”

“म्हणूनच. दाखव ना.”

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. मोठा श्वास घेतला आणि वाकला. खुर्चीवरचा जीवरक्षक मान वळवून त्यांच्याकडे बघू लागला. नवऱ्याचा चेहरा हळूहळू खाली गेला आणि पाण्यावर चार बोटं थांबला.

लाट आली, त्याची हनुवटी भिजवून गेली. दुसरी आली. मग तिसरी. तो तसाच वाकलेला होता. बुडबुडे अजून आले नव्हते.