तिला शोभेल असा शब्द

“टॅलेंटेड नको,” आतल्या खोलीतून आवाज आला. “शाळेच्या स्टेजवर पहिल्यांदा उभी राहिलेली पोरगीही टॅलेंटेड असते.”

बाई हसल्या आणि लेकीला म्हणाल्या, “खोड तो शब्द.”

लेकीने मुकाट्याने खोडला.

बाईंची खुर्ची आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी होती. दाराला जाड पडदा होता, पण तो नसता तरी फारसा फरक पडला नसता. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या बाईंना आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दोघांचा संसार शब्दांवरून वाद घालण्यात गेला होता आणि त्यात दोघंही सुखी होती.

बाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असतानाच यजमानांनाही दुसऱ्या दवाखान्यात हलवावं लागलं. बाई घरी परतल्या तेव्हा ते आतल्या खोलीत पडून असल्याचं लेकीने सांगितलं. तिने बजावलं, की त्यांना संसर्गाची भीती आहे, आत कुणी जायचं नाही, हातही लावायचा नाही. जाईल ती फक्त सिस्टर. सिस्टर दिवसभर पलंगाशी बसून असायची. जाता-येता तिच्या चपलांचा आवाज व्हायचा तेवढाच. तिच्या तोंडून शब्द म्हणून फुटत नसे.

शिफारसपत्राचं काम लेकीनेच आणलं होतं. तिच्या ओळखीची एक कलाकार होती. ती कुणाचाही आवाज काढायची, अगदी हुबेहूब. तिला परदेशातल्या नाट्यशाळेत जायचं होतं आणि तिच्याविषयी चार ओळी चांगल्या इंग्रजीत हव्या होत्या. चार ओळी म्हणता म्हणता सगळा आठवडा गेला. घोडं एकाच विशेषणापाशी अडलं होतं.

“मग गिफ्टेड?” बाईंनी पडद्याकडे तोंड करून विचारलं.

आवाजाला तेही पटलं नाही. गिफ्टेड म्हटलं की सगळं श्रेय देणाऱ्याला जातं, घेणारीने घाम गाळला त्याचं काय, असं त्याचं म्हणणं. स्किल्ड त्याला नळ दुरुस्त करणाऱ्याचा वाटला. ॲकम्प्लिश्डवर तो खोकत खोकत हसला आणि म्हणाला, की निरोप समारंभात ज्याच्याविषयी बोलायला काही सुचत नाही, त्याला तसं म्हणतात. स्किलफुलवरून तर त्याने एक जुनी गोष्ट उकरून काढली. बाईंच्या पहिल्या पुस्तकात त्या शब्दात एक एल जास्त पडला होता. तो त्याने छपाईच्या आदल्या दिवशी पकडला होता आणि बाई त्याच्याशी दिवसभर बोलल्या नव्हत्या.

मग बाईंनी लेकीला नवा शब्द घालायला सांगितला. कन्समेट. ज्याच्या कसबात काही म्हणजे काहीच उणं राहिलेलं नाही, असा.

आतला आवाज म्हणाला, “शब्द चांगला आहे. पण तिला शोभतो का, ते तिलाच विचार.”

बाईंनी लेकीचा हात धरला आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटून घेतलं.

“तुझे बाबा गेले ना?” त्यांनी विचारलं.

लेकीच्या हातातला कागद चुरगळल्याचा आवाज झाला.

बाईंनी तिला सावकाश समजावलं. आवाज त्यांचाच होता, खोकलाही त्यांचाच. पण त्या खोलीत श्वास एकाच माणसाचा ऐकू यायचा. डोळे गेल्यावर कान असल्या गोष्टी सोडत नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळून चुकलं होतं. ज्या कलाकारासाठी शब्द शोधायचा होता, ती पडद्याआड पलंगाशीच बसते, हेही त्यांनी ओळखलं होतं.

लेक हुंदके देत बोलत राहिली. आईचं हृदय नाजूक, त्यात नुकतं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले होते, इतक्यात सांगू नका. नंतर सांगायचा धीर झाला नाही. त्या खोलीत तर तिला पाऊलही टाकवत नव्हतं.

“रागावलीस?” तिने विचारलं.

“नाही गं. रोज दुपारी मला माझा माणूस भेटत होता. रागावू कशाला?” बाईंनी तिचे डोळे पुसले. “पण तिला शिकवलंस मात्र छान. त्या जास्तीच्या एलची गोष्टसुद्धा.”

“मी खोकण्याची लकब सांगितली होती, आणखी थोडंफार,” लेक म्हणाली. “बाकीचं तिचं कसब.”

मग बाईंनी सिस्टरला बाहेर बोलावून समोर बसवलं. सगळं कळलंय, संकोच करू नकोस, असं त्यांनी तिला सांगितलं. लेकीने पत्र वाचायला घेतलं, सिस्टर ऐकत राहिली. कन्समेट आला तशी बाईंनी त्याचा अर्थ उलगडून सांगितला, आणि म्हणाल्या, की इतक्या वर्षांत असा शब्द त्यांनी कुणासाठी वापरला नव्हता.

“तो काढून टाका, बाई,” सिस्टर म्हणाली. तिचा आवाज बारीक आणि घोगरा होता. बाई तो पहिल्यांदाच ऐकत होत्या. “मला तो घेता यायचा नाही.”

“अगं, लाजतेस कशाला?”

“लाजत नाही.” तिने बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. “पहिल्या दिवशी मी त्या रिकाम्या पलंगाशी बसले आणि तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात पलंगावरून ते म्हणाले, तू नुसती बसून राहा, तिच्याशी मी बोलतो.”