वाफेतला निकाल

फिनलंडमध्ये टुर्कूच्या एका मोबाइल कंपनीचं घोडं एकाच प्रश्नावर अडलं होतं. नव्या फोनमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम घरची ठेवायची, की अमेरिकेची घ्यायची? शेवटी सगळे संचालक पंचे गुंडाळून सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, जाऊन बसले.

घरची सिस्टीम दहा वर्षं खपून बनवणारा तार्मो तापल्या दगडांवर पाणी ओतत म्हणाला, "जो आधी बाहेर पळेल, तो हरला!"

अमेरिकेची तळी उचलणारा वेइक्को लालबुंद होऊन उठला. "घे बाबा, तुझीच सिस्टीम! पण वाफ आवर!"

छाती पुढे काढून तार्मो बाहेर आला, तोच कपड्यांच्या खोलीत अमेरिकन सिस्टीमच्या फोनची ओळखीची रिंग वाजली.

"कोण रे तो घरभेदी?" तार्मो गरजला.

मागोमाग आलेल्या सगळ्यांनीच खाली माना घालून खुंटीवरच्या आपापल्या कोटांचे खिसे चाचपले.

फोन वाजत राहिला... तार्मोच्या कोटात.