दहापैकी पाच

स्वयंपाकघराला मास्तरांनी दहापैकी दहा दिले आणि ओट्यावरून असा हात फिरवला, जणू उद्यापासून तो ओटा तेच पुसणार होते.

"लांबी बघ याची," ते बायकोला म्हणाले. "तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे."

ती दारात उभी होती. सकाळची पाळी संपवून, दोन बस बदलून, थेट इथेच आली होती. मास्तर आणि त्यांची आई दलालाच्या गाडीतून आले होते. गाडीलाही मास्तरांनी आठ दिले होते.

मास्तर गणिताचे. घर असो, कलिंगड असो नाहीतर कुणाचा जावई असो, गुण दिल्याशिवाय त्यांना ते दिसत नसे. आजवर पाहिलेली सगळी घरं त्यांनी नापास केली होती. एकाचा जिना अंधारा, एकाची बाल्कनी अरुंद, एकाच्या खिडकीसमोर भिंत. त्यांतली तीन तिला चालली असती. तिन्ही तिच्या दवाखान्यापासून पायी जाण्यासारखी होती.

हे घर मात्र पहिल्या वर्गात चाललं होतं. आईच्या खोलीला दहा, कारण संडास खोलीला लागूनच. बाल्कनीला नऊ, कठड्याला गंज चढला होता, म्हणून एक कापला. उगाच सढळ हात नको.

"आणि अंतर?" तिने विचारलं.

"त्यालाही दिलेत. पाच."

"पाच कसे?"

मास्तर खुलले. वर्गात शंका विचारणारं पोर त्यांना आवडायचं. शंका सोपी असली तर. "माझी शाळा इथून कोपऱ्यावर. म्हणजे दहा. तुझा दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे मी प्रामाणिकपणे शून्य दिलं, हातचं राखलं नाही. दोघांची सरासरी पाच. पास!"

"सरांचं सगळं कसं शास्त्रशुद्ध," दलाल म्हणाला.

ती डायलिसिसची यंत्रं सांभाळायची. भल्या पहाटे पहिला पेशंट खाटेवर येई. त्याआधी यंत्र धुवायचं, नळ्या भरायच्या, त्यांतला हवेचा बुडबुडा न् बुडबुडा टिचकी मारून बाहेर काढायचा. इथली पहिली बस सुटेल तेव्हा तिकडे तिचा पेशंट खाटेवर आडवा झालेला असेल. हे तिने मास्तरांना आधीही सांगितलं होतं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं होतं आणि त्याचं शून्य केलं होतं.

"इथून मी वेळेत पोचत नाही," ती म्हणाली.

"मग दुपारची पाळी माग."

"मागितली. नाही मिळत."

"मग इथेच जवळपास काहीतरी बघ. यंत्रं काय, कुठेही यंत्रंच."

आतल्या खोलीतून सासूने हाक दिली. "अगं, इकडे येऊन बस जरा! काय वारा येतोय! तुझा सगळा शीण जाईल बघ."

"शीण घालवायला आधी घरी पोचावं लागतं, आई."

दलालाने घड्याळाकडे पाहिलं. "वहिनी, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. सर तर आत्ताच विसार द्यायला तयार आहेत. तुमचा होकार तेवढा मिळाला, की झालं."

"माझा कशाला हवा? यांचा होकार दहा, माझा शून्य. पाच आले की. पास."

दलाल मोठ्याने हसला. मग मास्तरांचा चेहरा पाहून खिडकीची कडी उघड-मीट करू लागला.

"हे बघ, वाकड्यात शिरू नकोस," मास्तर म्हणाले. "सरासरी म्हणजे कुणावरही अन्याय नाही."

"आमच्याकडे दोन खाटा शेजारी शेजारी असतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पेशंटच्या नातेवाइकांशी ती याच आवाजात बोलायची. "एकाचं बीपी आभाळाला टेकलेलं, दुसऱ्याचं पार तळाला गेलेलं. सरासरी काढली तर दोघेही ठणठणीत. तुम्ही आमच्याकडे असतात ना, अहो, तर दोघांनाही घरी सोडलं असतंत. एक वाटेतच गेला असता, दुसरा जिन्यात."

मास्तरांनी हवेत बोटाने आकडेमोड करून पाहिली. या उदाहरणाची रीत त्यांना आठवेना.

"घर घ्या तुम्ही," ती म्हणाली. "चांगलंच आहे. मी दवाखान्यामागच्या गल्लीत एक खोली घेतलीय. खिडकी एकच, मोरी कोपऱ्यात. तुम्ही नापासच केली असती."

"घेतलीय म्हणजे?"

"म्हणजे काल किल्ली मिळाली. अंतराला किती देता, तेवढं ऐकून मग तिकडे जायचं की नाही ते ठरवायचं होतं."

तिने दाराशी बसून बूट चढवले. नाड्या बांधल्या, डावी जरा सैल वाटली म्हणून पुन्हा बांधली. मास्तर दलालाकडे बघत होते, दलाल कडीकडे. मग जिन्यावर तिची पावलं वाजली. खालच्या मजल्यापर्यंत ती एका लयीत ऐकू येत राहिली.

गुडघ्यांवर हात टेकत सासू बाहेर आली. उघड्या दाराकडे तिने पाहिलं, मग मुलाकडे. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने सावकाश नजर फिरवली.

"ओटा जरा जास्तच लांब आहे रे," ती म्हणाली.