अध्यक्षांचं मत

“तीन विरुद्ध तीन. आता अध्यक्षांचं मत,” कारकून म्हणाला. “मोरिबे-सान? मोरिबे-सान!”

तिसऱ्या हाकेला मोरिबेंनी मान वर केली. म्हातारा कानाने अधू आहे, असं आमच्या गावात सगळेच म्हणतात.

समोर वकील शिओरी ओकुदेरा श्वास रोखून बसली होती. लग्नानंतरही नवरा-बायकोला आपापलं आडनाव ठेवता यावं, असा ठराव नगरसभेने सरकारकडे पाठवावा, म्हणून दोन वर्षं ती शहरातून इथे खेटे घालत होती. लग्न झालं की दोघांनी एकच आडनाव लावायचं, या जपानी कायद्यापायी स्वतःचं लग्नही तिने नऊ वर्षं अडवून धरलं होतं.

आणि सकाळपासून सभासद तिला नुसते टोचून खात होते.

“नऊ वर्षं थांबलाय तो? बिचारा!” एकजण म्हणाला.

“नवरा मिळतोय ना, वकीलबाई? मग नाव कसलं कुरवाळत बसलात?” दुसऱ्याने री ओढली. खो-खो हशा पिकला.

मोरिबे हसले नाहीत. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर मूठ आपटली.

“अकरा पिढ्या आमच्या सोया सॉसच्या पिंपांवर मोरिबे हेच नाव आहे. ते टिकवायला काय काय करावं लागलं, ठाऊक आहे कुणाला? नाव म्हणजे काय दारात काढून ठेवायची चप्पल आहे?”

शिओरीचं डोकं सणकलं. झालं! हाही त्यांच्यातलाच.

“पुरे!” ती ताडकन उठली. “पिंपांचं कौतुक घरी सांगा. नाव सोडताना काय होतं, ते तुम्हाला काय कळणार? जन्मभर आयत्या नावावर मिरवलात तुम्ही!”

हशा थांबला. कारकुनाने मान खाली घातली. सगळ्यात जुना सभासद उगाचच खिडकीबाहेर बघू लागला.

मोरिबेंनी हातातला कागद मधोमध फाडला.

“विरोध,” ते म्हणाले. “ठराव फेटाळला.”

जाता जाता दोन्ही तुकडे त्यांनी तिच्यापुढे भिरकावले. “घ्या. आता तुम्ही मिरवा.”

सभागृह रिकामं झालं. संतापाने शिओरीचे डोळे भरून आले होते. तिने तुकडे ओढून घेतले आणि जुळवले. अक्षर ब्रशने काढलेलं होतं, जागोजागी खाडाखोड होती.

“ठरावाला माझा पाठिंबा आहे. चोपन्न वर्षांपूर्वी मी, तोकुजी कागेयामा, मोरिबेंच्या घरी घरजावई म्हणून आलो, त्यांचं नाव लावलं आणि माझं दारात काढून ठेवलं. आजही कुणी मोरिबे म्हणून हाक मारली, की मला वाटतं, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत.”