नाचरी केझाया

भावाच्या हातातून कप निसटायला लागले, तेव्हा पोर्टलंडच्या डॉक्टरांनी विचारलं, "हातपाय आपोआप हलत राहण्याचा आजार तुमच्या घराण्यात कुणाला होता का? तो रक्तातून उतरतो, आणि बहुधा तिशी उलटल्यावरच दिसू लागतो." बाबा आणि आजोबा दोघंही तरुणपणीच लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेलेले. मला चौथा महिना होता. मी थेट व्हर्ना आत्याकडे गेले.

"आजार? आणि आपल्यात?" आत्या उखडली. "अगं, माझी पणजी केझाया दोन हजार मैल बैलगाडीमागे चालत ओरेगॉनला आली! थांब, त्याच तांड्यातल्या एका बाईची डायरी वाचून दाखवते."

१८५२च्या त्या वहीत बोट ठेवून तिने वाचलं, "'केझायाचे पाय घटकाभर स्वस्थ नसतात. सगळे तिला नाचरी म्हणतात.' बघ, कशी हौशी होती! तुझ्यासारखी रडूबाई नव्हे."

मी वही ओढून घेतली आणि पान उलटलं.



'आज केझायाने वाटेतच आपलं लेकरू पुरलं. ती हुंदके देत होती, आणि पाय नाचतच होते.'