हाकेचं नाव

‘लहानपणी तुम्हाला घरी कोणत्या नावाने हाक मारत?’ असा प्रश्न पडद्यावर आला आणि नाना लेकीच्या तोंडाकडे बघत बसले.

“माझ्याकडे काय बघताय? माईला काय म्हणायचे, ते आठवा.”

“माईच म्हणायचे की.”

“ते आपल्याकडे, लग्नानंतर. हा तिचं लहानपणचं नाव विचारतोय.”

नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. घोळ सगळा त्यांनीच घातला होता. सकाळी बक्षीस लागल्याचा निरोप आला, त्यावर टिचकी मारून त्यांनी मागतील ती माहिती भरून दिली, पासवर्डसकट. लेक रागावली तेव्हा म्हणाले, “बक्षीस लागलंय म्हणतात, तर न बघता कसं सोडायचं?” दुपारपर्यंत कुणीतरी परका माईंनी काढलेल्या ईमेलच्या खात्यात शिरायची खटपट करू लागला आणि कंपनीने खात्याला कुलूपच घातलं. आता या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं तरच ते निघणार होतं. ‘बाळी’ चुकलं होतं. ‘ताई’ही चुकलं होतं. आणखी एकदा चुकलं की खातं कायमचं बंद.

उत्तर ठाऊक असलेलं माणूस घरात नव्हतं. माई जाऊन दोन वर्षं झाली होती.

“नवीन खातं काढून देते ना. दोन मिनिटांचं काम,” लेक म्हणाली.

“नवं नको मला.”

ते का नको, हे तिलाही माहीत होतं. नाना जमीनमोजणीच्या खात्यात होते. त्यांची लांब बदली झाली तेव्हा माईंनी क्लास लावून हे खातं काढलं. पण काढलं एकच, दोघांत मिळून. मग पत्र पाठवायचं कुणाला? माई लिहायच्या आणि न पाठवता तसंच ठेवून द्यायच्या. शनिवारी नाना चिखलाचे बूट दाराबाहेर काढून तिथल्या सायबर कॅफेत शिरायचे, ते अर्धवट पत्र उघडायचे आणि खाली आपलं चार ओळींचं जोडायचे. बदली संपेपर्यंतचा दोघांचा संसार असा न पाठवलेल्या पत्रांत साठला होता. लेक तेव्हा शाळेत जायची. तिला वाटायचं, आई कॉम्प्युटर शिकतेय.

“मामाला विचारू या,” ती म्हणाली.

मेहुण्याशी नानांचं भांडण नव्हतं. माई गेल्यावर फोन करायला निमित्त उरलं नाही, आणि पुढे इतके दिवस केला नाही म्हणून करायची लाज वाटू लागली, एवढंच. लेकीने वाट बघितली नाही. नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकून त्यांच्यासमोर ठेवला.

“नाना? सगळं ठीक आहे ना?” मामांचा आवाज दचकलेला होता.

“ठीक आहे, दादा. एक विचारायचं होतं. हिला तुम्ही लहानपणी काय म्हणायचात?”

“आज मध्येच हे काय काढलंत?”

“कॉम्प्युटर विचारतोय.”

“कोण विचारतोय?”

“कॉम्प्युटर.”

मामा हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले. “टिटवी,” ते म्हणाले. “टिटवी म्हणायचो आम्ही तिला.”

“टिटवी?”

“मग काय. रात्री कुठे खुट्ट झालं की घर डोक्यावर घ्यायची. एकदा वडीलच उशिरा घरी आले, तर त्यांना चोर ठरवून अख्खी गल्ली गोळा केली हिने. दिवसा तर तोंडाला उसंतच नाही. आमची आई म्हणायची, हिला जो नवरा मिळेल त्याच्या कानांचं काही खरं नाही.”

लेकीने एकेक अक्षर जपून टाइप केलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, थांबलं आणि खातं उघडलं.

“नाना, उघडलं.”

नानांनी तिकडे बघितलं नाही. ते फोनकडे वाकले होते. “दादा, आमच्याकडे तर ती फारसं बोलायचीच नाही.”

“कोण, आमची टिटवी?” मामा म्हणाले.

लेकीसमोर माईंचं शेवटचं न पाठवलेलं पत्र होतं. ‘दूधवाला बदलला. हिचे पेपर चांगले गेले. मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, आलात की बघा. रात्री जरा वाजलं की मी उठून बसते. ही झोपलेली असते, म्हणून आवाज करत नाही.’ खाली नानांची एकच ओळ होती. ‘पुढच्या महिन्यात येतो, तोवर दाराला खुर्ची लावत जा.’

तिने ते दोनदा वाचलं. नानांना दाखवावं म्हणून ती वळली, तर ते फोन हातात घेऊन उठले होते. मोठा आवाज बंद करायला बटण सापडेना, तसा त्यांनी तो फोन तसाच कानाशी धरला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“वेळ आहे ना तुम्हाला, दादा?” ते म्हणत होते. “मग सांगा. ती काय काय बोलायची?”